मिशन मंडळीचं वर्ष : कार्यपुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, आगमनकाळाचा पहिला रविवार

आजपासून काम सुरू. नोव्हेंबरच्या बैठकीत मंडळीचा कारभार पाहणाऱ्या बिशप्स कमिटीने ठराव केला होता की मंडळीचं वर्षभराचं काम एका कार्यपुस्तिकेत उतरवायचं. कुठल्या महिन्यात काय करायचं, ते कुणाकडे आहे, कुठल्या नियमाने करायचं आणि त्याचे कागद कुठे आहेत, हे सगळं त्यात यायला हवं. कमिटीची सचिव मी, म्हणून लिखाण माझ्याकडे आलं. पुस्तिका इंग्रजीत होईल, कामाच्या नोंदी मात्र मी मराठीत ठेवणार आहे. नगरला माझे वडील पास्टरेट कमिटीचे सेक्रेटरी होते. तिकडच्या मंडळीतल्या लोकांना इथला कारभार कसा चालतो याची उत्सुकता असते, त्यांनाही हे वाचता येईल.

त्यांच्यासाठी थोडी ओळख. आम्ही वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला, पालूसच्या टेकड्यांत राहतो. हा गहू, मसूर आणि काबुली चण्याचा मुलूख. मंडळी एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) घराण्याची अमेरिकेतली शाखा. इंग्लंडमध्ये बिशप व्हायचं तर राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि स्वातंत्र्ययुद्धानंतर इथल्या लोकांना ती घेणं शक्य नव्हतं. म्हणून सॅम्युएल सीबरी यांनी १७८४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जाऊन बिशपपदाची दीक्षा घेतली. पुढे १७८९ मध्ये फिलाडेल्फियाला या चर्चची घटना मंजूर झाली. आपलं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालं, तेही अँग्लिकन कम्युनियनमध्ये आहे. त्यामुळे नगरहून आणलेलं माझं सदस्यत्वाचं पत्र इथल्या रजिस्टरात सरळ नोंदलं गेलं.

पॅरिश आणि मिशन यांतला फरक पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर घालणार आहे. पॅरिश स्वतःच्या पैशावर चालते, व्हेस्ट्री, म्हणजे कारभारी समिती, निवडते आणि ती व्हेस्ट्री आपला रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, बोलावते. मिशनला तेवढं बळ नसतं. ते थेट बिशपांच्या देखरेखीखाली असतं. पाळकाला इथे व्हिकर म्हणतात आणि त्यांची नेमणूक बिशप करतात. व्हेस्ट्रीच्या जागी बिशप्स कमिटी असते आणि दोन वॉर्डनपैकी, म्हणजे मुख्य कारभाऱ्यांपैकी, एक बिशपांचा, एक लोकांचा. बारीक तपशील डायोसिसगणिक, म्हणजे एकेका बिशपांच्या प्रांतागणिक, बदलतात. आमच्याकडे रविवारी पंचवीस-तीस माणसं येतात. पाळकबाई अर्धवेळ आहेत. त्या नसतील त्या रविवारी बिशपांचा परवाना असलेले सभासद सकाळची प्रार्थना चालवतात.

चर्चचं वर्ष आज सुरू झालं, हिशेबाचं वर्ष मात्र एकतीस डिसेंबरला संपेल. पुस्तिका यांतल्या कुठल्या वर्षाने लावायची हा पहिलाच प्रश्न होता. मी आगमनकाळाने लावायचं ठरवलं. लोक सणांनी वर्ष मोजतात, खजिनदारांना लागणाऱ्या तारखा त्या त्या सणाखाली लिहिता येतील.

११ डिसेंबर २०२४

कमिटीची बैठक. डिसेंबरच्या पानावर ठळक अक्षरात लिहायचा एक ठराव आहे : पाळकबाईंच्या पगारातली किती रक्कम घरभत्ता म्हणून धरायची ते नवं वर्ष सुरू होण्याआधी ठरवून इतिवृत्तात नोंदवायचं. अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यात पाळकांच्या घरभत्त्याला सूट आहे, पण तो आगाऊ ठरवलेला असावा लागतो. मागाहून केलेला ठराव मागच्या महिन्यांना लागू होत नाही. दोन मिनिटांचं काम, पण ते राहिलं तर आधीच तुटपुंजं मानधन घेणाऱ्या माणसाच्या खिशातून पैसे जातात.

त्याच पानावर निवृत्तिवेतन. चर्च पेन्शन फंड १९१७ मध्ये सुरू झाला. पाळकांच्या एकूण मोबदल्याच्या १८ टक्के रक्कम मंडळीने या फंडात भरायची असते, पाळकांच्या पगारातून ती कापत नाहीत. अंदाजपत्रक पाहताना नवे सभासद इथे नेहमी थबकतात. का भरायची ते लिहून ठेवलं : गावोगावच्या लहान मंडळ्यांत आयुष्य घालवलेल्या पाळकांवर म्हातारपणी हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून.

२४ डिसेंबर २०२४

रात्रीच्या उपासनेला बाकं भरली. विद्यापीठात शिकणारी मुलं सुटीला घरी आलीत, शेतांवरून तीन-तीन पिढ्या एकत्र आल्या. मोजणी केली, रजिस्टरात लिहिली. पुस्तिकेसाठी एवढंच टिपलं की रस्त्यावरचं बर्फ कोण काढतं आणि मिठाची पोती कुठे असतात.

१२ जानेवारी २०२५, प्रभूच्या बाप्तिस्म्याचा रविवार

प्रार्थनापुस्तकात बाप्तिस्म्यासाठी खास योग्य म्हणून सांगितलेल्या दिवसांपैकी हा एक. बाकीचे म्हणजे ईस्टरची जागरणाची रात्र, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण), सर्व संतांचा सण आणि बिशपांची भेट. आज बाप्तिस्मा नव्हता, तेव्हा सगळ्यांनी मिळून बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी केली.

उपासनेनंतर जुनी रजिस्टरं काढून बसले. सर्वांत जुनी वही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. हा भाग १८९२ मध्ये स्पोकेनचा मिशनरी जिल्हा झाला आणि लेम्युएल वेल्स पहिले बिशप झाले, त्यानंतरच्या काळातली. रकाने आजच्यासारखेच आहेत : तारीख, उपासना, हजेरी, प्रभुभोजन घेणारे, चालवणाऱ्याची सही. ऑक्टोबर १९१८ मधल्या रविवारांसमोर नुसती रेघ आहे. इन्फ्लुएंझाच्या साथीत राज्यभर जमावबंदी होती. मार्च २०२० च्या पानावरही तशीच रेघ. दोन्ही पानांचे फोटो घेतले आणि रजिस्टर दर रविवारी का भरायचं या कलमाशेजारी लावले.

देणगीच्या पावत्यांची पत्रंही याच महिन्यात जातात. एका वेळी २५० डॉलर किंवा त्याहून जास्त दिलेल्या दानाला करसवलत हवी असेल तर चर्चचं लेखी पत्र लागतं. त्या दानाच्या बदल्यात आत्मिक लाभाखेरीज काही दिलं नाही, हे वाक्य पत्रात असावंच लागतं. नमुना पुस्तिकेत घातला.

२६ जानेवारी २०२५

वार्षिक सभा. अहवाल वाचले, अंदाजपत्रक मंजूर झालं, कमिटीच्या रिकाम्या जागा भरल्या, डायोसिसच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडले. जेवणाला सगळ्यांनी घरून सूप आणलं होतं. मी मसुराची आमटी नेली, इथल्याच शेतातल्या मसुराची.

मग तो विषय निघाला. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, आपण पॅरिश व्हायला अर्ज कधी करणार? त्यांचे आजोबा या मंडळीच्या संस्थापकांपैकी. एवढी वर्षं मिशनच राहिलो हे त्यांच्या मनाला लागतं. शेजारच्या गावातली मंडळी पॅरिश झाली, आपण का नाही? कुणी म्हणालं, अर्धवेळ पाळकाचा पगार देताना नाकी नऊ येतात, पूर्णवेळचा कुठून द्यायचा? एका तरुण बाई म्हणाल्या की आपलं काय चुकतंय म्हणून आपण वाढत नाही, हेच ऐकत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या.

मला त्या ज्येष्ठ सभासदांचं दुःख समजतं. पण या विचारात एक गोष्ट निसटते असं मला मनापासून वाटतं. बिशपांच्या देखरेखीखाली असणं ही शिक्षा नव्हे. १८३५ च्या जनरल कन्व्हेन्शनने, म्हणजे संपूर्ण चर्चच्या सर्वोच्च सभेने, ठरवलं की चर्चचा प्रत्येक बाप्तिस्मा झालेला सभासद मिशनरी सोसायटीचा सभासद आहे, आणि त्याच वर्षी जॅक्सन केंपर यांना पश्चिमेकडे पहिले मिशनरी बिशप म्हणून पाठवलं. लोकवस्ती विरळ असेल तिथली उपासना बाकीच्यांनी मिळून सांभाळायची, ही त्यामागची रीत. आम्ही तिच्यातूनच जन्मलो. सभेत मी एवढंच म्हटलं की कार्यपुस्तिका पुरी झाली की आपण काय काय करतो ते आपल्यालाच दिसेल, त्यानंतर हा प्रश्न पुन्हा घेऊ. इतिवृत्तात तसं नोंदलं.

१६ फेब्रुवारी २०२५

पॅरोकियल रिपोर्ट. पुस्तिकेतला सर्वांत लांब भाग हाच होणार.

चर्चच्या कायद्यानुसार प्रत्येक पॅरिशने आणि मंडळीने मागच्या कॅलेंडर वर्षाचा अहवाल १ मार्चच्या आत बिशपांकडे पाठवायचा असतो. आमच्याएवढी मंडळी असो की न्यू यॉर्कमधलं मोठं चर्च, फॉर्म तोच. त्यात सभासद किती, बाप्तिस्मे, दृढीकरणं (बिशपांच्या हातून होणारी विश्वासाची पुष्टी), विवाह, अंत्यविधी किती, उपासना किती झाल्या, उत्पन्न, खर्च, मालमत्ता असं सगळं येतं.

सभासदांच्या व्याख्या नव्या माणसाला नीट समजावून सांगाव्या लागतात. बाप्तिस्म्याची नोंद असलेला तो सभासद. वर्षात निदान तीनदा प्रभुभोजन घेतलेला तो कम्युनिकंट. त्यातही वर्षभर उपासनेला निष्ठेने आलेला, आणि देवाच्या राज्यासाठी काम, प्रार्थना व दान यांत विश्वासू राहिलेला, तो चांगल्या स्थितीतला कम्युनिकंट. योग्य कारणाने येऊ न शकलेल्यांना कायद्यातच सवलत आहे. आमच्या वृद्धाश्रमातल्या दोघी कित्येक महिने चर्चमध्ये आलेल्या नाहीत, पण परवाना असलेले सभासद रविवारच्या उपासनेतून प्रभुभोजन त्यांच्याकडे नेतात. त्या यादीत आहेतच. वॉर्डनबाईंसोबत यादी एकेका नावाने वाचली. अमके आता मुलाकडे बॉइसीला राहायला गेले, तर मग सदस्यत्वाचं पत्र मागितलं का? तमक्याचा मुलगा येत नाही, त्याला कुणी फोन केला का? यादी तपासता तपासता भेटायला जायच्या घरांची वेगळी यादी तयार झाली. ती पाळकबाईंकडे दिली. पुस्तिकेत लिहिलं की हे काम दोघांनी बसून करावं आणि घाईत करू नये.

मग सरासरी रविवार-हजेरी. उपासना झालेल्या रविवारांची एकूण हजेरी भागिले त्या रविवारांची संख्या. तान्ही बाळं मोजायची, पाळक मोजायचे, ऑर्गन वाजवणाऱ्या बाईही मोजायच्या. नाताळची आदली रात्र २०२४ मध्ये मंगळवारी आली, त्यामुळे वर्षातली सर्वांत मोठी उपासना सरासरीत धरली जात नाही. ईस्टरची हजेरी सरासरीत येते, शिवाय तिच्यासाठी वेगळा रकाना आहे. कमिटीतल्या एकांनी सुचवलं, आकडा जरा वरच्या बाजूला धरू या. वॉर्डनबाई शांतपणे म्हणाल्या, "रजिस्टरात आहे तेच जाईल." पूर्ण एपिस्कोपल चर्चची सरासरी रविवार-हजेरी २०२३ मध्ये चार लाखांच्या थोडी वर होती. ती असल्याच हजारो वह्यांची बेरीज आहे. आपला आकडा लहान असला तरी खराच हवा. कुठे पाळक पाठवायचा, कुठे अनुदान द्यायचं हे डायोसिस याच कागदांवरून ठरवतं.

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

काल रात्री पॅनकेकचं जेवण झालं, आज सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी अशा दोन उपासना. कपाळावर लावायला गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली राख. झावळ्या ज्या टोपलीत ठेवतात ती शोधायला वेळ लागला, म्हणून आता जागा लिहून ठेवली : वस्त्रागारातल्या कपाटाचा वरचा कप्पा. धातूच्या भांड्यात, उघड्यावर, एक बादली पाणी जवळ ठेवून जाळायच्या. राख चाळायची आणि तिच्यात पाणी घालायचं नाही, लागलंच तर थेंबभर तेल.

५ एप्रिल २०२५

एपिस्कोपल चर्चच्या कॅलेंडरात आज पंडिता रमाबाईंचा स्मरणदिन आहे. १९२२ मध्ये याच तारखेला त्या गेल्या. वेदीची सेवा करणाऱ्या बायका ईस्टरची तयारी करायला जमल्या होत्या. त्यांना हे नाव ठाऊक नव्हतं. पाळकबाईंनी मला सांगायला सांगितलं, आणि मी बोलले.

इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे असताना १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या आणि पुढची जवळजवळ तीन वर्षं अमेरिकाभर फिरल्या. त्यांच्या कामासाठी १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या आधाराने १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडलं. केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून वाचवलेल्या मुली, मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, हेही सांगितलं. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून त्या कधी गप्प बसल्या नाहीत, हे तर आवर्जून सांगितलं. पितळी मेणबत्तीदाण्या पुसता पुसता बायका ऐकत होत्या. एकीने विचारलं, हे आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं? दर वर्षी एप्रिलच्या पानावर हा दिवस असेल आणि त्या दिवशी रमाबाईंचा वृत्तांत वाचला जाईल, हे तिथेच ठरलं. माझ्या दृष्टीने या प्रकल्पातला हा सर्वांत मोलाचा निर्णय.

२० एप्रिल २०२५, ईस्टर

पवित्र आठवडा पार पडला. सविस्तर लिहायला उसंत नाही, पुस्तिकेसाठी मुद्दे तेवढे.

गुरुवारी वेदी उघडी करतात तेव्हा काय कुठे ठेवायचं याची चिठ्ठी लागते, कारण शनिवारी रात्री तेच सगळं अंधारात परत लावायचं असतं. उत्तम शुक्रवारचं अर्पण यरुशलेम आणि मध्यपूर्वेतल्या एपिस्कोपल चर्चला जातं, १९२२ पासूनची ही प्रथा आहे. ते वेगळ्या पाकिटात ठेवायचं, आमच्या खर्चाच्या खात्यात मिसळू द्यायचं नाही. शनिवारी सूर्यास्तानंतर बाहेर नवा अग्नी पेटवून ईस्टरची मोठी मेणबत्ती त्यावरून लावायची. वारा सुटला तर दोन माणसं आडोसा धरायला हवीत.

प्रभुभोजनाची वस्त्रं धुण्याची रीत मी आज सकाळी एका वृद्ध बाईंकडून शब्दशः उतरवून घेतली. पहिलं खळबळलेलं पाणी सांडपाण्यात सोडत नाहीत. वस्त्रागारात एक खास मोरी आहे, तिची नळी थेट जमिनीत जाते, तिथे ओतायचं. मोरी नसेल तर झाडाच्या मुळाशी. मग साध्या साबणाने धुवायचं, ओलसर असतानाच इस्त्री, आणि घडी अशी की मधला क्रूस वर येईल. बाई नव्वदीच्या घरात आहेत. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, सगळं त्यांच्या हातांत होतं.

२५ मे २०२५

रोगेशन रविवार. प्रभूच्या स्वर्गारोहणाआधी पिकांसाठी प्रार्थना करायचे हे दिवस. उपासनेनंतर सगळे एका सभासदांच्या शेतावर गेलो आणि बांधावर उभं राहून पाळकबाईंनी गव्हाला, मसुराला आशीर्वाद दिला. बैलपोळ्याला औताला आणि जनावरांना हात जोडणारी आपली माणसं आठवली.

परतताना खजिनदारांनी पैशाच्या ओघाबद्दल सांगितलं, ते लिहून ठेवणं गरजेचं आहे. आमचे बरेच सभासद शेतकरी. वर्षभरात किती दान देणार याचं वचन त्यांनी दिलेलं असतं, पण पैसा कापणीनंतर येतो, ऑगस्ट-सप्टेंबरात. मार्च ते जुलै खातं खोल जातं. दर महिन्याला सारखा खर्च धरून काढलेलं पत्रक पाहून नवा माणूस घाबरेल. त्यामुळे मागच्या वर्षांचा महिनावार ओघ पुस्तिकेत द्यायचा. भारताने जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या मसूर-चण्यावर जादा आयातशुल्क लावलं होतं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ते काढलं. दिल्लीच्या त्या निर्णयाची झळ आमच्या दानपेटीपर्यंत पोचली होती, असं खजिनदार म्हणाले.

८ जून २०२५, पेंटेकॉस्ट

लाल वस्त्रं. प्रेषितांची कृत्ये मधला उतारा लोकांनी आपापल्या भाषेत एकाच वेळी वाचला : स्पॅनिश, जर्मन, इंग्रजी, आणि मी मराठीत.

सूचनांच्या वेळी पाळकबाईंनी सांगितलं की पुढच्या वर्षी त्या बहात्तर वर्षांच्या होतील. चर्चच्या कायद्याने बहात्तराव्या वर्षी पाळकाला पद सोडावं लागतं. त्यानंतर बिशपांच्या परवानगीने वर्षावर्षाच्या मुदतीने सेवा करता येते, पण त्यांना मुलीजवळ राहायला जायचं आहे. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आता पुस्तिकेला तारीख मिळाली. पाळकबाईंना ठाऊक असलेल्या सगळ्या गोष्टी त्या जाण्याआधी कागदावर यायला हव्यात. पॅरिश असती तर व्हेस्ट्रीने शोधसमिती नेमून रेक्टर बोलावला असता. मिशनमध्ये नेमणूक बिशपांची, आमच्याशी बोलून. म्हणजे आम्ही कोण आहोत, आम्हाला कशाची गरज आहे, हे त्यांना नेमकं सांगणं आमच्या हातात आहे.

१९ जुलै २०२५

हिशेबतपासणी. कायद्याने दर वर्षी करायची आणि अहवाल कोणत्याही परिस्थितीत १ सप्टेंबरच्या आत बिशपांकडे पोचायचा. सनदी लेखापाल परवडत नाहीत, म्हणून डायोसिसने मान्य केलेली समिती तपासते. पैसे हाताळणारा कुणी त्या समितीत नसतो. रविवारचं अर्पण नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायचं आणि दोघांनी सही करायची. नगरलाही बाबा हेच करायचे, अगदी थाळीत चिल्लर असली तरी.

पाळकांचा मदतनिधीही तपासला जातो. महिन्यातून एका रविवारचं सुटं अर्पण गरजूंसाठी पाळकांच्या स्वाधीन करायचं, असं कायद्यातच आहे. त्यातून कुणाचं विजेचं बिल भरलं जातं, कुणाला पेट्रोल मिळतं, रात्रीपुरती खोली मिळते. तपासनीस रकमा आणि चेक पाहतात, मदत घेतलेल्यांची नावं गोपनीय राहतात.

इमारत गरम ठेवणारी भट्टी बदलायची आहे, हिवाळ्याआधी. इमारत गहाण ठेवून कर्ज काढायची कल्पना एकांनी मांडली. कायदा स्पष्ट आहे : समर्पित चर्च-इमारत गहाण ठेवायला किंवा विकायला बिशपांची संमती लागते आणि त्यांनीही ती डायोसिसच्या स्टँडिंग कमिटीचा (स्थायी समितीचा) सल्ला आणि संमती घेऊनच द्यायची असते. शिवाय १९७९ च्या कलमानुसार मंडळीची मालमत्ता डायोसिस आणि संपूर्ण चर्च यांच्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. गहाण नको. डायोसिसकडे अनुदानाचा अर्ज आणि उरलेल्यासाठी आमची वर्गणी, असं ठरलं.

१७ ऑगस्ट २०२५

कापणी जोरात, चर्चमध्ये निम्मी बाकं रिकामी. पुलमनला मसुराच्या उत्सवाचे दिवस. आज नोंद एवढीच.

१४ सप्टेंबर २०२५

बिशपांची भेट. तीन वर्षांतून निदान एकदा प्रत्येक मंडळीला भेट द्यायची, तिची स्थिती तपासायची, पाळकांची विचारपूस करायची, दृढीकरण करायचं, वचन सांगायचं, प्रभुभोजन साजरं करायचं, हे बिशपांचं कायद्याने ठरलेलं काम.

दोन मुलांचं दृढीकरण झालं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवताना बिशपांनी त्याचं नाव घेतलं तेव्हा त्याची आजी रडत होती. नंतर कमिटीसोबत बैठक. बिशपांनी रजिस्टरं मागितली आणि पानं सावकाश उलटली. १९१८ च्या रेघेवर थांबले. अर्धीमुर्धी कार्यपुस्तिका मी पुढे ठेवली. वस्त्रं धुण्याचं पान त्यांनी मोठ्याने वाचलं.

आमच्या ज्येष्ठ सभासदांनी पॅरिशचा प्रश्न थेट विचारला. बिशपांनी उत्तर देण्याऐवजी उलट विचारलं की पॅरिश झाल्यावर तुम्ही असं काय कराल जे आज करता येत नाही? खोलीत चर्चा झाली ती याच धाग्यावर, आणि ती चांगली झाली. स्वतःचा पाळक निवडता येईल, असं एकजण म्हणाले. दुसऱ्यांनी आठवण दिली की तेवढा पगार नसेल तर निवडायला कुणी येणारच नाही. अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या भूमीतल्या मंडळींचा दाखला निघाला. कित्येक दशकं एरिया मिशन म्हणून राहिल्यावर २०२४ च्या लुईव्हिल इथल्या जनरल कन्व्हेन्शनने त्यांना मिशनरी डायोसिस केलं. त्यांनी दर्जा मागितला कारण आपले बिशप आपण निवडावेत असं ठोस कारण त्यांच्याकडे होतं. आमच्याकडे आज तसं कारण नाही. ज्येष्ठ सभासदांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, मग नवीन पाळक कसा हवा ते तरी आम्हाला लिहू द्या. बिशप म्हणाले, जरूर लिहा.

१८ ऑक्टोबर २०२५

डायोसिसच्या अधिवेशनाला आमचे प्रतिनिधी जाऊन आले. मोठ्या पॅरिशच्या प्रतिनिधींसोबत बसून अंदाजपत्रकावर आमच्याही लोकांनी मत दिलं. डायोसिस आपल्या उत्पन्नातला १५ टक्के वाटा संपूर्ण चर्चला देतं, आम्ही आमचा वाटा डायोसिसला देतो. या साखळीचं एक सोपं चित्र प्रतिनिधींनी काढून आणलं, ते तसंच पुस्तिकेत घातलं. भट्टीचं अनुदान मंजूर झालं.

२ नोव्हेंबर २०२५, सर्व संतांचा रविवार

वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली. वस्त्रं धुण्याची रीत सांगणाऱ्या बाई सप्टेंबरअखेर गेल्या, त्यांचंही. एका बाळाचा बाप्तिस्मा झाला.

पुढच्या वर्षाची वचनपत्रं आज गोळा झाली. प्रार्थनापुस्तकात एक सूचना आहे, फार कुणाच्या लक्षात येत नाही : पाळकाने लोकांना वेळोवेळी सांगावं की कुटुंबाची तरतूद करा आणि धडधाकट असताना मृत्युपत्र करा, त्यात जमल्यास धर्मकार्यालाही काही ठेवा. पाळकबाईंनी आज ती वाचून दाखवली. दर नोव्हेंबरला ती वाचायची, असं पानावर घातलं.

२२ नोव्हेंबर २०२५

कमिटीने कार्यपुस्तिका स्वीकारली. एक छापील प्रत वस्त्रागारात, एक वॉर्डनबाईंकडे, एक बिशपांच्या कार्यालयात.

पॅरिशच्या अर्जाबद्दल ठराव : सध्या अर्ज नाही, तीन वर्षांनी पुन्हा विचार. ठराव त्या ज्येष्ठ सभासदांनीच मांडला. नव्या व्हिकरबद्दलच्या पत्राचा मसुदाही त्यांनीच लिहिलाय. त्यांच्या पहिल्या तीन मागण्या अशा : कापणीच्या दिवसांत शेतावर येणारा माणूस हवा, वृद्धाश्रमात दर आठवड्याला जाणारा हवा, आणि रविवारी पंचवीस माणसं पाहून ज्याचा आवाज खाली येणार नाही असा हवा. मी त्यात एक ओळ घालायला सांगितली की सकाळची प्रार्थना चालवणारे आमचे सभासद तयार आहेत, नेमणुकीची घाई नको, माणूस योग्य मिळू दे. ती मान्य झाली.

राहिलेली कामं : नव्या भट्टीच्या वॉरंटीचे कागद लावणे. मुलांसोबत काम करणाऱ्यांच्या सुरक्षा-प्रशिक्षणाच्या तारखा नव्याने भरणे. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंकडून स्तोत्रांच्या निवडीची पद्धत लिहून घेणे, त्यांनी सोमवारी वेळ दिलाय. पत्राची स्वच्छ प्रत काढून बिशपांच्या कार्यालयात सोमवारीच पाठवणे.